प्रॉपर्टी काउंटरमागची स्टिक

ग्रंथालयात बॅगा आत नेता येत नाहीत. दाराशी प्रॉपर्टी काउंटर असतं. बॅग तिथल्या खणात ठेवायची, पत्र्याचं टोकन घ्यायचं आणि वही-पेन तेवढं हातात घेऊन आत यायचं. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून माझी उभी नोकरी झाली. हा नियम किती मुलांना सांगितला असेल याची मोजदाद नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता सकाळचा चहा झाला की खूप चेहरे डोळ्यांपुढून जातात, पण लिहायला बसले की हात एकाच मुलीकडे वळतो. नाव लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही.

2022 चा फेब्रुवारी होता. करोनानंतर कॉलेज नुकतं कुठे भरू लागलं होतं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला काउंटरवर धाडकन आवाज झाला. बघते तर एक बारकीशी मुलगी खाली वाकून हॉकीची स्टिक उचलत होती. आमच्या खणाची खोली दीड फूट, स्टिक तीन फुटांहून लांब. ती तिरकी करून ठेवायची, स्टिक घसरायची, पुन्हा आवाज. वाचनकक्षातली दोन-चार डोकी वर झाली.

"सॉरी मॅडम, ती राहतच नाहीये."

"आण इकडे. माझ्या खुर्चीमागे ठेव."

तिथून पुढे तिचं कॉलेज संपेपर्यंत ती स्टिक दुपारची माझ्या खुर्चीमागे, भिंत आणि कपाट यांच्या बेचक्यात उभी असायची. शिपाईदादा झाडताना ती उचलायचे, झाडून झालं की परत तिथेच ठेवायचे. वळलेल्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती दर पंधरवड्याला झिजायची आणि खालचं पांढरं लाकूड दिसायला लागायचं. मुरमाच्या मैदानावर खेळलं की असंच होतं, असं तिनेच मला सांगितलं. मला हॉकीतलं काहीच कळत नव्हतं. जे काही आज कळतं, ते त्या खुर्चीत बसून कळलं.

ती पेठ तालुक्यातली. नाशिकहून पेठ पन्नासेक किलोमीटर, मध्ये सावळघाट, कोटंबीचा घाट. पाऊस धो धो आणि उन्हाळ्यात हंड्यांची रांग, असा तो भाग. घरी भात, नागली, थोडी खुरासणी. पावसाळा संपला की आई-वडील दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांवर. ऑक्टोबरची छाटणी, मग थिनिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करणं, पुढे एप्रिलची खरड छाटणी. सुट्ट्यांत तीही जायची. थिनिंगच्या कात्रीने तिच्या अंगठ्याला घट्टा पडलेला होता आणि त्याच अंगठ्याच्या खाली स्टिकचा दुसरा. पुस्तकाच्या मागच्या तारखेच्या पट्टीवर मी शिक्का मारायचे तेव्हा तिचा हात समोर असायचा, म्हणून हे माहीत.

शिक्षण आश्रमशाळेत झालेलं, शहरात मुलींच्या वसतिगृहात राहायची. विषय सांख्यिकी. आमच्याकडे त्या विषयाला आधीच मुलं कमी, त्यात मुली थोड्या. तिचा वर्ग सकाळचा, सराव साडेपाचनंतर. मधला वेळ वाचनकक्षात. खिडकीशेजारचं तिसरं टेबल, पंख्याखाली नाही, कारण पंख्याने पानं उडतात.

हॉकीकडे कशी वळलीस, असं मी एकदा विचारलं. तिने सांगितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. 2021 चा ऑगस्ट. भाताची आवणी उरकत आलेली. टोकियो ऑलिंपिक चालू होतं आणि सकाळी भारताच्या मुलींचा ऑस्ट्रेलियाशी उपांत्यपूर्व सामना होता. घरात रेंज येत नाही, गावामागच्या टेकाडावर येते. भाऊ, ही आणि शेजारची दोन पोरं, डोक्यावर इरलं आणि प्लास्टिकचा कागद, एका मोबाईलवर चौघं. गुरजीत कौरने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला तो तिला धड दिसलाच नाही, चित्र अडकलं होतं. पण त्यानंतर सामना संपेपर्यंत आपल्या मुलींनी तो एक गोल कसा राखला, ते तिने पाहिलं. "मॅडम, गोल करणाऱ्यांपेक्षा मागच्या पोरीच जास्त वेळ दिसत होत्या," ती म्हणाली. "दीप ग्रेस एक्का, निक्की प्रधान. पोरं म्हणाली, अगं या आपल्यासारख्याच दिसतायत."

एक्का ओडिशाच्या सुंदरगडची, प्रधान झारखंडच्या खुंटी जिल्ह्यातली, दोघी आदिवासी भागातल्या. भारत 1-0 ने जिंकला आणि मुलींचा संघ शेवटी चौथा आला. पदक नाही मिळालं, पण पेठच्या त्या टेकाडावरून एक मुलगी कॉलेजच्या मैदानावर आली, हे मला माहीत आहे.

कॉलेजच्या संघात अकरा मुली जमवताना आमच्या क्रीडा संचालक सरांच्या तोंडाला फेस यायचा. हिने आयुष्यात स्टिक धरलेली नव्हती, कबड्डी खेळलेली. सरांनी तिला मागे उभं केलं, नव्या खेळाडूला करतात तसं. फुलबॅक. आणि ती तिथे रुजलीच. सर सांगायचे, नव्या पोरींना वाकायला शिकवता शिकवता महिना जातो, स्टिक जमिनीला टेकवून, गुडघे मोडून खाली राहायचं म्हणजे पाठीचं काम. ही पहिल्या दिवसापासून खाली. चिखलात वाकून आवणी केलेली पाठ ती, तिला वेगळं काय शिकवायचं!

आता जरा खेळाचं सांगते, कारण तिचा अभ्यास आणि तिचा खेळ यांच्यामध्ये भिंत नव्हती आणि ते समजायला हे लागतं. हॉकीत डावखुरी स्टिक नसते. जगातली प्रत्येक स्टिक एकाच बाजूने सपाट, डाव्या अंगाने, आणि मागच्या गोलसर बाजूने चेंडू खेळायचा नाही. त्यामुळे सगळ्यांचा उजवा हात मोकळा आणि डावी बाजू अडचणीची. डावीकडून येणारा चेंडू अडवायला स्टिक उलटी फिरवावी लागते. समोरची हुशार फॉरवर्ड हे जाणून असते, ती फुलबॅकच्या डावीकडूनच घुसायला बघते. फुलबॅकने काय करायचं? धावत जाऊन भिडायचं नाही. मागे मागे सरकत, अंग तिरकं ठेवून, तिला हळूहळू आपल्या उजव्या हाताला ढकलत न्यायचं, आणि चेंडू तिच्या स्टिकपासून वीतभर सुटला की तेवढ्यात टोचायचं. थांबायचं, बघायचं, मग हात घालायचा.

मला हे तिने वाचनकक्षात, माझ्या टेबलावर, खोडरबर आणि दोन पेन्सिलींनी दाखवलं. कुजबुजत. खोडरबर चेंडू.

आणि तिच्याकडे एक वही होती. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, जिच्यावर विषय म्हणून काहीच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक सामन्यानंतर ती त्यात डी काढायची. गोलपोस्टभोवतीचा तो अर्धगोल, सोळा यार्डांचा, त्याला खेळाडू डीच म्हणतात. चेंडू कुठून आत आला तिथे रेघ. अडवला तर रेघेवर आडवी फुली, गोल झाला तर गोळा. पानामागून पानं. सराव सामनेसुद्धा. डाव्या अंगाला रेघांचं जंगल माजलेलं, उजवीकडे विरळ. मी म्हटलं, झालं की गं सिद्ध, डावीकडूनच येतात. तर मान हलवून म्हणाली, "नाही मॅडम, नमुना लहान आहे अजून. आणि आमच्या संघाशी खेळणारे तेच तेच चार संघ आहेत. एवढ्यावरून नाही म्हणता येत."

अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. समोर स्वतःच्या हाताने काढलेल्या रेघा, मन म्हणतंय तेच रेघा म्हणतायत, आणि तरी ती म्हणते एवढ्यावरून नाही म्हणता येत. माझ्या नोकरीत मी पुष्कळ हुशार मुलं पाहिली, पण ते वाक्य ऐकून मी खुर्चीत सरळ होऊन बसले.

स्टाफरूममध्ये मात्र "स्पोर्ट्सवाली का?" हा प्रश्न एका विशिष्ट सुरात यायचा. म्हणजे हजेरी कमी, अभ्यास यथातथा, उत्तीर्ण झाली तर देवाची कृपा. तिची हजेरी पूर्ण होती. पहिल्या वर्षी ती विभागात पहिली आली. तेव्हा सूर बदलला आणि "दोन्हीही करते, कमाल आहे" असा झाला. मला हाही सूर फारसा आवडत नसे. कमाल म्हटलं की पुढचं विचारायचं राहून जातं. ही मुलगी रात्री किती झोपते, सरावानंतर वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवण उरतं का, गुडघा सुजलाय तर जिना कसा चढते, हे कोणी विचारत नाही.

गुडघ्याचं सांगायलाच हवं. पेनल्टी कॉर्नरला बचाव करणारे पाचच जण असतात, गोलकीपर धरून, आणि ते सगळे गोलरेषेच्या मागे उभे. बाकीचे मधल्या रेषेपलीकडे. चेंडू आत ढकलला गेला की पाचातली एक सुसाट धावत सुटते, थेट फटका मारणारीच्या अंगावर. तिला रशर म्हणतात. चेंडू दीडशे ग्रॅमच्या वर, दगडासारखा कडक. सरळ हिट मारली तर गोलरेषेवर तिची उंची मागच्या फळीपेक्षा, म्हणजे 460 मिलिमीटरपेक्षा, जास्त असायला परवानगी नाही. पण फ्लिकला, म्हणजे स्टिकवर घेऊन उचलून फेकलेल्या चेंडूला, ती अट नाही. तो छातीलाही येतो, तोंडालाही. आमच्या संघात रशर हीच. तोंडाला मुखवटा, गुडघ्याला पॅड, पण पॅडची कड सरकते.

एका दुपारी ती लंगडत आली. मी काउंटरमागे बोलावलं, पायजमा वर कर म्हटलं. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या आतल्या बाजूला, पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा गोल डाग, मध्यभागी गडद आणि कडेला पिवळा पडत चाललेला. त्यात चेंडूवरच्या खळग्यांची नक्षी उमटलेली होती, बारीक बारीक टिकल्या, मोजता येतील अशा. कँटीनमधून बर्फ आणवला, माझ्या रुमालात बांधून दिला. तो लावत, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, तिने त्या दुपारी संभाव्यता वितरणाचं अख्खं प्रकरण संपवलं. दुखतंय का म्हटलं तर म्हणाली, "दुखतंय. पण आता उठून जाता येत नाही म्हणून बरंच वाचून होतंय." जाताना रुमाल धुऊन वाळत घालून गेली.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ते सांगताना आजही मला बरं वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी, 2022 च्या हिवाळ्यात, तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. नाशिक विभागातून आंतरविभागीय, तिथून विद्यापीठ आणि मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. आमच्या कॉलेजातून मुलींच्या हॉकीत एवढं वर कोणी गेल्याचं मला आठवत नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिची प्रात्यक्षिक परीक्षा लागली. ती परीक्षेचं काम बघणाऱ्यांकडे गेली. उत्तर मिळालं, खेळाडूंसाठी वेगळा नियम नाही, वेळापत्रक लागलेलं आहे, गैरहजर राहिलीस तर गैरहजेरी लागेल. तीन दिवसांवर परीक्षा होती. सर बाहेरगावी दुसऱ्या संघाबरोबर. ती माझ्याकडे आली.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बाळा, परीक्षा बुडवू नकोस. हॉकीने पोट भरत नाही."

मी मनापासून म्हणाले. तिच्या घरची परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून म्हणाले. मी कोणाला विचारलं नाही, कुठे गेले नाही, फोन उचलला नाही. तिने मान हलवली, खुर्चीमागची स्टिक घेतली आणि गेली. प्रात्यक्षिक दिलं. पन्नासपैकी पन्नास मिळाले. विद्यापीठाचा संघ तिच्याशिवाय गेला.

त्यानंतरच्या सोमवारी ती नेहमीसारखी आली, तिसऱ्या टेबलाशी बसली, वही उघडली. निळी नव्हे, अभ्यासाची. तासभर पान उलटलं नाही. मी काउंटरवरून बघत होते. रडत वगैरे नव्हती. नुसती बसली होती, पेनाचं टोपण लावत आणि काढत. वाचनकक्षातली शांतता मला आयुष्यात कधी टोचली नव्हती. त्या दिवशी ते टोपणाचं टक टक ऐकवेना.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी खेळांच्या कपाटाशी गेले. 796.355, हॉकी. आमच्याकडे त्या क्रमांकाला मोजून सहा पुस्तकं. कशासाठी गेले, काय शोधायचं होतं, ते नक्की नव्हतं. एक उघडलं आणि 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकच्या पानावर कर्णधाराचं नाव वाचलं, जयपाल सिंग. हे नाव मी ओळखत होते, पण दुसऱ्याच कपाटातून. राज्यशास्त्राची मुलं संविधान सभेतल्या चर्चांचे खंड मागायला यायची, 342 क्रमांकाचं कपाट. डिसेंबर 1946 मध्ये त्या सभेत उभं राहून, मला जंगली म्हणतात आणि मला त्याचा अभिमान आहे, असं सांगणारे जयपाल सिंग मुंडा. आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकायची आहे, असं बजावणारे. तो माणूस आणि हा माणूस एकच. इतकी वर्षं दोन्ही पुस्तकं माझ्या हाताखाली होती, वीस पावलांवर, आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

कर्णधार तर होतेच, शिवाय खेळायचे फुलबॅक.

खुंटीजवळच्या टकरा गावचा मुंडा मुलगा. म्हणजे निक्की प्रधानच्याच जिल्ह्यातला. रांचीच्या मिशन शाळेतून इंग्लंडला, ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात अर्थशास्त्रात ऑनर्स, हॉकीसाठी ऑक्सफर्डचा ब्लू, म्हणजे तिथल्या खेळाडूंना मिळणारा मान. पुढे आयसीएसला, इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेला, निवड झाली आणि प्रशिक्षण चालू असतानाच ऑलिंपिक आलं. रजा मागितली. मिळाली नाही. ते तसेच गेले. त्या स्पर्धेत भारताने पाच सामन्यांत 29 गोल केले आणि एकही खाल्ला नाही. ध्यानचंदचे गोल सगळ्यांना पाठ असतात. समोरच्या खान्यातलं शून्य बचाव करणाऱ्यांचं असतं. व्यवस्थापनाशी बिनसल्यामुळे अंतिम सामना जयपाल सिंग खेळले नाहीत, पण संघ त्यांचा होता. परत आल्यावर प्रशिक्षणाचं एक वर्ष जादा करा असं सांगण्यात आलं, तेव्हा त्यांनी आयसीएसच सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी मी ती दोन्ही पुस्तकं, एक या कपाटातलं आणि एक त्या, तिच्यासमोर ठेवली. वाटलं, तिला धीर येईल. तिने दोन्ही शांतपणे वाचली. मग वर बघून विचारलं, "मॅडम, यांनी रजेचा अर्ज कधी केला होता?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"म्हणजे मी तीन दिवस आधी गेले होते," ती म्हणाली. "वेळापत्रक लागल्यावर. त्याआधी गेले असते तर?"

फुलबॅकच ती. गोल झाला तर रडायचं नाही, चेंडू आत कुठून आला ते बघायचं.

2023 च्या जूनमध्ये आम्ही तिघं, सर, ती आणि मी, शैक्षणिक दिनदर्शिका घेऊन बसलो. शेजारी सरांनी काढलेलं खेळांचं वेळापत्रक. तेव्हा एक साधी गोष्ट समोर आली. प्रात्यक्षिक परीक्षा एका दिवशी होतच नाही. मुलं जास्त, प्रयोगशाळा एक, म्हणून बॅचेस पाडतात आणि ती चार दिवस चालते. नवा नियम करायची काही गरजच नव्हती. खेळाडूला पहिल्या बॅचऐवजी शेवटच्या बॅचला टाकलं की संपलं! मागच्या वर्षीही हे होऊ शकलं असतं. एका नावाची अदलाबदल, एक ओळ खोडून दुसरीकडे लिहायची.

अर्ज तिने लिहिला, मी वाचला, सरांनी शिफारस केली. मी तिला सांगितलं, दोन प्रती काढ. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्यायची. तोंडी "हो बघू" म्हणतील, त्यावर परत फिरायचं नाही. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलायचं नाही. एवढी वर्षं सरकारी-निमसरकारी कागदांत काढल्यावर मला जे येत होतं ते हेच, आणि ते मी तिला वर्षभर उशिरा दिलं. ती गेली आणि अर्ध्या तासाने पोच घेऊन आली. घडी घालून निळ्या वहीत ठेवली.

त्या वर्षी मी पहिल्यांदा तिचा सामना पाहिला. आंतरविभागीय स्पर्धा पुण्याला होती, माझी बहीण पुण्यात असते, तेवढं निमित्त पुरलं. हिरवंगार टर्फ, त्यावर पाणी मारलेलं, उन्हात चमकत होतं. मुरमावर चेंडू उड्या मारत येतो, दगडाला लागून कुठेही वळतो. टर्फवर तो सरळ येतो आणि फार वेगाने येतो. आमच्या मुलींना वर्षाकाठी तसं मैदान एक-दोनदा मिळायचं. सामन्याआधी तिने खाली बसून तळहात टर्फवर ठेवला, ओला झालेला हात पोटरीला पुसला आणि आपल्या जागी गेली.

आणि मग मी तिचा आवाज ऐकला. इतके दिवस ही मुलगी माझ्याशी कुजबुजत बोलली. "शांतता राखा" ही पाटी माझ्या डोक्यावरच होती. इथे ती मैदानाच्या मागच्या टोकाला उभी राहून अख्ख्या संघाला ओरडून हलवत होती. "डावीकडे! डावीकडे! सोड तिला, मी आहे! मागे ये!" खणखणीत, पेठ तालुक्याच्या वळणाचा आवाज, पार प्रेक्षकांच्या पायऱ्यांपर्यंत येणारा. फुलबॅकला सगळं मैदान समोर दिसतं म्हणून बोलायचं काम तिचं. मला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले आणि सामना संपेपर्यंत बसले नाही.

आमच्या मुली 1-0 ने हरल्या. शेवटच्या क्वार्टरमध्ये समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला तो हिच्याच पायाला चेंडू लागून. तीन वेळा ती रेषेवरून सुटली, दोनदा अडवला, तिसऱ्यांदा चेंडू तिच्या स्टिकच्या बाहेरून गेला. मी खाली गेले तेव्हा बाकावर बसून बुटातलं पाणी काढत होती. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "पाय माझाच होता मॅडम. उजवा. मी एक पाऊल जास्त टाकलं." आणि परतीच्या बसमध्ये बसल्यावर निळ्या वहीत त्या सामन्याची डी काढली, तो गोळा भरीव केला.

तरीही निवड झाली. या खेपेला गेली. परराज्यात स्पर्धा होती, परतीचं रेल्वेचं आरक्षण सरांनी आधीच केलेलं. गुरुवारी सकाळी नाशिक रोडला उतरली, शुक्रवारी शेवटच्या बॅचला प्रात्यक्षिक दिलं. किती गुण पडले ते मी विचारलं नाही.

शेवटच्या वर्षाचा तिचा प्रकल्प त्या निळ्या वहीतूनच निघाला. तीन वर्षांच्या रेघा, डावीकडे-उजवीकडे, अडवलेल्या-न अडवलेल्या, त्यावर काय-वर्ग चाचणी, म्हणजे दिसतो तो फरक खरा की योगायोगाचा हे तपासायची सांख्यिकीतली रीत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं म्हणे, ही आकडेवारी कुठून मिळवली? तर म्हणाली, "मागे उभी राहून." विभागात तिन्ही वर्षं पहिली. प्रकल्पाची एक प्रत ग्रंथालयात आहे. मी निवृत्त व्हायच्या आधी तिची नोंद स्वतः केली, आणि क्रमांक देताना पेन बराच वेळ हातात राहिलं. 519.5 की 796.355? सांख्यिकी की हॉकी? शेवटी सांख्यिकीचा दिला, पण हॉकीच्या कपाटात एक कार्ड घालून ठेवलं, 519.5 पाहा म्हणून. नवीन ग्रंथपालांना सांगून आले आहे, ते कार्ड काढू नका.

आता ती पुण्यात एम.एस्सी. करते. दुसरं वर्ष लागलं. खेळते अजून, फुलबॅकच. दिवाळीला घरी जाताना नाशिकच्या निमाणी बसस्थानकावर उतरून माझ्याकडे येते, नागलीचं पीठ घेऊन. वडील अजून बागांवर जातात, आईने या वर्षी जाणं सोडलं. धाकटी बहीण बारावीला आहे. तिला खेळात रस नाही, तिला नर्सिंगला जायचंय.

परवा रात्री साडेनऊला मोबाईल वाजला. जुलै आहे, पेठकडे आवणी चालू असेल, म्हटलं घरचंच काही असेल. चष्मा लावून बघितलं. एका कागदाचा फोटो, कोपऱ्यात निळ्या शाईची सही, आवक क्रमांक, तारीख. खाली तिने लिहिलं होतं:

"मॅडम, या वर्षीचा अर्ज दिला. पोच घेतली."